भिवामामांचा खोकला

मला लाल आणि हिरवा यातला फरक कळत नाही. हे जगात सगळ्यात आधी ज्या माणसाला समजलं, ते आमचे भिवामामा आज पहाटे गेले.

मामा म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या आमच्या कॉलेजातले केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट. शिक्षण सातवी. पण परीक्षेत कुणाच्या पुडीत कुठलं सॉल्ट आहे हे लांबूनच ओळखायचे. पोरं पाया पडायची, "मामा, सांगा ना!"

मामांचं उत्तर ठरलेलं. "मीठ हाय. भाकरीसंगं खा."

मी एस.वाय.ला होतो. टायट्रेशनला, म्हणजे थेंब थेंब ॲसिड सोडून रंग बदलताच थांबायच्या प्रयोगाला, मिथाइल ऑरेंज आलं की माझी वाट लागायची. पिवळ्याचा नारिंगी होतो म्हणे. होत असेल बाबा! मला दोन्ही सारखेच. सगळ्यांचं रीडिंग दहाला, माझं सोळाला. मॅडम म्हणायच्या, "लक्ष कुठे असतं तुझं?"

एक दिवस लॅब रिकामी झाल्यावर मामांनी पांढऱ्या टाइलवर दोन ओल्या मिरच्या ठेवल्या.

"यातली पिकल्याली उचल."

मी पूर्ण कॉन्फिडन्सने कच्ची उचलली.

मामा हसले नाहीत. "घरी ठावं हाय?"

"नाही. आईला वाटतं मी आळशी आहे, म्हणून कच्चे टोमॅटो आणतो. मामा, कुणाला सांगू नका. सायन्समधून काढून टाकतील मला."

खरंच तशी भीती होती. राजूरच्या वरच्या आमच्या वस्तीतून सायन्सला आलेला मी एकटा. परत जाऊन काय सांगणार होतो, की मला रंग दिसत नाही?

पुढच्या प्रॅक्टिकलला मी थेंब थेंब सोडतोय आणि मामा मागून झाडू मारत चाललेत.

"ख्यॅक!"

मी दचकून थांबलो. रीडिंग दहा पॉइंट दोन. बरोब्बर.

मग काय राव! वर्षभर मी टायट्रेशनचा किंग. मामा खोकले की एन्ड पॉइंट. अख्खी बॅच माझं रीडिंग उतरवायची.

आणि एक दिवस मामांना खराखुरा सर्दी-खोकला झाला.

त्या दिवशी अख्ख्या बॅचचं रीडिंग साडेतीन आलं. मॅडमनी एकेकाचं जर्नल बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. सगळ्यांना प्रॅक्टिकल परत करायला लावलं. कोपऱ्यात मामा नाकाला उपरणं लावून एवढे हसत होते की स्टुलावरून पडायचे बाकी होते.

पण संध्याकाळी मला बाजूला घेतलं. "आरं, माझ्या घशाव किती दिस पास व्हनार हायेस? मॅडमला सांगून टाक. ही काय चोरी न्हाई."

मी नाही सांगितलं. हिंमतच झाली नाही.

टी.वाय.ची फायनल प्रॅक्टिकल. बाहेरून आलेले परीक्षक एकदम कडक. आल्या आल्या त्यांनी मामांना लॅबबाहेर काढलं. आणि मला काय आलं असेल? सोडियम कार्बोनेट, ब्युरेटमध्ये ॲसिड, इंडिकेटर मिथाइल ऑरेंज. संपलं सगळं.

मी खिडकीकडे बघितलं. मामा बाहेर स्टुलावर बसलेले. तिथून माझा फ्लास्क स्वच्छ दिसत होता. थेंब सोडायला लागलो. मामा गप्प. मी डोळ्यांनी विनवण्या केल्या. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ पाठ फिरवली!

असा राग आला होता ना. मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

रीडिंग चौदाच्या पुढे गेलं. मग मात्र हात वर केला.

"सर, मला हा रंग दिसत नाही. लाल-हिरवा कळतच नाही मला."

आता हे बाहेर काढणार, असं धरूनच मी बॅगेकडे बघत होतो.

परीक्षक म्हणाले, "मग दुसरा इंडिकेटर माग की! तोंड दिलंय ना देवाने? फिनॉल्फ्थॅलीन घे. रंग उडाला की थांब. तिथे निम्मंच काम झालेलं असतं, म्हणून येईल ते रीडिंग दुप्पट कर."

गुलाबी रंग उडून पाणी होतं, तेवढं मला कळतं. पाच पॉइंट एक. दुप्पट, दहा पॉइंट दोन. मी तिथेच रडलो, पोरं बघत असताना.

बाहेर येऊन मामांवर भडकलो. "का नाही खोकलात?"

"आज खोकलो आस्तो. उद्या तू कंपनीत लागल्याव तिथं कोन खोकनार?"

मग मामा बाजूला जाऊन पचकन थुंकले आणि म्हणाले, "आन खरं सांगू का? तोंडात तंबाकू हुती."

यातलं खरं कारण कुठलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. दरवेळी विचारलं की नुसते हसायचे.

आता मी नगरला एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. इंटरव्ह्यूला पहिलं वाक्य हेच बोललो होतो, "सर, मला लाल-हिरवा कळत नाही." माझ्या टेबलवर पीएच मीटर आहे, त्याला रंग लागत नाहीत. मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. म्हणाले, "लई भारी मशीन हाय. पर खोकतंय का?"

आज दुपारी त्यांच्या गावी गेलो. मामा सरणावर. एकेक जण तांब्यातून शेवटचं पाणी पाजत होता. माझी पाळी आली. थेंब थेंब सोडत होतो.

मागे कुणीतरी खोकलं.

माझा हात आपोआप थांबला.

सगळे बघायला लागले आणि मला त्या स्मशानात हसू आलं. हसता हसताच रडलो. मामांच्या मुलाने खांद्यावर हात ठेवला. त्याला काय सांगणार?

मामा, रीडिंग घेतलंय बरं का. या वेळी कुणी उतरवलेलं नाही.

नमस्कार करतो. या आता.