नारळी पौर्णिमेआधीची होडी

गेल्या मंगळवारी संध्याकाळी कांदिवलीतल्या आमच्या वाचनालयात एका लोकप्रिय लेखकाचा त्याच्या जादुई वास्तववादी कादंबरीसाठी सत्कार झाला. आमचे ग्रंथपाल मूळचे कोळीवाड्यातले. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात ते एका ओळीचं मत चिठ्ठीवर लिहून ठेवतात. सभासद ती पाहूनच पुस्तक नेतात.

"कादंबरी कशी आहे?" मी सकाळी विचारलं होतं.

"होडी उडते, झकास. मेलेली आजी कोलंबी सोलते, तेही चालेल. पण नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात? वाट लागली ना!"

वाचनालयाच्या अध्यक्षांनी ते ऐकलं. "या पुस्तकात चिठ्ठी दिसली, तर उद्यापासून येऊ नका."

सत्कारात शाल अध्यक्षांनी दिली, श्रीफळ ग्रंथपालांनी. देताना ते माइकजवळ म्हणाले, "साहेब, हा नारळ आधी समुद्राला द्या, मग होडी काढा."

टाळ्या झाल्या. पुस्तकात चिठ्ठी नव्हती.