काचेचं औषध

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन वर्षं पावसाळाभर मी रोज सकाळी चुलीवर दोन भांडी चढवीत असे. एकात चहा, दुसऱ्यात रिठे. चहा आमच्या ह्यांच्यासाठी आणि रिठ्यांचं पाणी त्यांच्या मोटारीच्या काचेसाठी. दोघांत लाड कोणाचे जास्त होते, ते विचारू नका.

हे कामशेत ते लोणावळा उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. मोटार आमच्या बाजारातल्या एका तांदळाच्या शेठची. तिचा वायपर आतून दांडी धरून हातानेच हलवावा लागे, एक हात चाकावर आणि एक दांडीवर. धो धो पावसात काच निदान धुतली तरी जायची. खरा ताप झिमझिमीचा. पुढच्या बैलगाडीचा चिखल उडायचा, त्यावर थेंब पडायचे आणि वायपर ते सगळं काचेवर सारवून ठेवायचा. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर सीटखाली एक बाटली ठेवी. थांबा आला की काचेवर ओतायची आणि फडक्याने पुसायची. कोणी तंबाखू चोळायचे, कोणी कापलेला बटाटा. लोणावळ्यात साहेब लोकांच्या मोटारींसाठी निळ्या रंगाचं विकतचं पाणी मिळे. त्याला सगळे काचेचं औषध म्हणत.

आमच्याकडे घरचंच. रिठे उकळायचे, पाणी जाड फडक्यातून दोनदा गाळायचं, त्यात लिंबू पिळायचं आणि स्टोव्ह पेटवायचं थोडं स्पिरिट घालायचं. पहिल्या वर्षी मी एक शहाणपणा केला. माझं माहेर वडिवळ्याचं. तिकडे कंदिलाच्या काचा आंबेमोहोर तांदळाच्या धुवणाने घासतात आणि त्या अशा लखलखतात की बघत राहावं. मग मी रिठे साध्या पाण्याऐवजी तांदळाच्या धुवणात उकळले. कंदिलाची काच आपण कोरड्या फडक्याने पुसून ठेवतो. मोटारीची काच वाऱ्यावर धावते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी हे घरी आले ते दारातूनच ओरडत.

"काचंला खळ दिलीस व्हय गं? समदी पांढरी फटक पडली. पुसावं तितं पांढरं!"

शेजारणी हसल्या. मीही हसले, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून काच धुरकट म्हटली की दोष माझाच, हे मी मनाशी पक्कं धरून बसले. इथेच माझं चुकलं.

दुसऱ्या वर्षी काच रोजच धुरकट होऊ लागली. आज हे म्हणत, रिठा जास्त झाला. मी कमी केला. मग लिंबू कमी पडलं. मग स्पिरिटाने काचेवर रेघा उठतात. मी चार वेळा गाळू लागले, फडकी बदलली, विहिरीचं पाणी सोडून नदीचं आणलं. शेठकडे उतारूंच्या तक्रारी जाऊ लागल्या होत्या की मोटार रस्त्याच्या मधून चालते, समोर गाडी आली की उशिरा बाजूला होते. शेठने ह्यांना बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली तर दुसरा माणूस बसवीन. ह्यांनी सांगितलं, काच घाण राहते. म्हणजे त्यांची नोकरी माझ्या रिठ्यांवर येऊन ठेपली होती.

त्या श्रावणात माझं कशातच लक्ष लागेना. मोटारीचा भोंगा स्टेशनाच्या बाजूला वाजायची वेळ झाली की मी भाकरी तव्यावर टाकून दारात यायची. भोंगा वाजला नाही की परत आत. भाकरी करपलेली. ती काढून परत दारात. बसले की उठावंसं वाटे, उठले की काय करायला उठले ते आठवेना. रात्री स्वप्नातसुद्धा मी गाळतच असे.

शेवटी मी म्हटलं, "अहो, ते लोणावळ्याचं निळं औषध आना की एक डाव. माझ्या हाताला न्हाई जमत."

"कशाला? तुझं हाय ते बरं हाय. उद्या जरा रिठा कमी घाल."

मला काय वाटलं असेल? आनंद वाटला! नवऱ्याला विकतच्यापेक्षा आपल्या हातचं गोड लागतं म्हणून मी दिवसभर मनात मिरवत होते. पण भीती त्या आनंदाहून मोठी होती. आठवड्याने मी त्यांना न सांगता, शेजारच्या आबांना लोणावळ्याला जाताना गाठून, त्यांच्याकरवी एक बाटली मागवली. सकाळी ती ह्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि तोंड असं केलं, जणू मी त्यांना काढाच पाजणार होते. "साहेबाचं पानी आपल्या काचंला कशाला?" म्हणाले. सीटखाली ठेवली, पण बूच उघडलं नाही. चार दिवस बाटली भरलेलीच. मी रागावले, दोन दिवस बोलले नाही. घरचं चांगलं नाही आणि विकतचं नको, मग ह्या माणसाला हवं तरी काय, असं भांडी आपटत म्हणत होते.

पाचव्या दिवशी दिवस कलताना मोळी विकणारी मावशी दारात आली. कार्ल्याच्या वरच्या वाडीवरची ठाकरीण, वर्षानुवर्षं लाकूड घालायची. त्या दिवशी तिने मोळी टाकली आणि पैसे न मागता उंबऱ्यावर बसली. कोपर सोललेलं होतं.

"बाई, तुज्या मालकाला दिसत न्हाई का गं?"

मी म्हटलं, "मावशी, ती काच धुरकट असती. माझंच पानी जमत न्हाई."

"काचंचं सोड. कार्ल्याच्या फाट्याव मी मोळी घिऊन रस्त्यात हुते. मोटार पार अंगाव आली. मी मोळी टाकून खाली उडी घेतली. त्यानं मोटार थांबवली, बाजूनं डोकं भाईर काढलं. मी ह्या खांबाइतकी जवळ उभी. रोज बघतो तो मला. आन् मला इचारतो, कोन हाय तितं? बाई हाय का ढोर?"

तिने दाखवलेला खांब आमच्या ओटीचाच होता. त्यांच्या आणि तिच्या मध्ये काच नव्हतीच.

ती गेल्यावर मी तशीच उठले. संध्याकाळी मोटार शेठच्या गुदामाशेजारी उभी राहायची. हे चहाला गेलेले. मी पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढले. बाईमाणूस तिथे बसलेलं कामशेतने तोवर पाहिलं नव्हतं, पाहिलं तर पाहू दे म्हटलं. ह्यांनी नुकतीच माझ्याच पाण्याने पुसलेली काच. तिच्यातून मला स्टेशनाची कौलं दिसली, तारेवर बसलेल्या चिमण्या दिसल्या, पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याला चरणारी शेरडं दिसली, त्यांतलं काळं कोणतं आणि तांबडं कोणतं तेही. काच आरशासारखी स्वच्छ होती.

हे आले तेव्हा मी खाली उतरले नव्हते. मोटारीशेजारी उभे राहून ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना कोण बसलंय ते ओळखू येईना. तीन हातांवरून.

"मी हाय," म्हटलं. "काच साफ हाय. मी बघितलं."

त्यांनी मोटारीच्या दाराला हात टेकला. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"गेल्या पावसाळ्यापास्नं. डाव्या डोळ्याव पडदा आलाय. आता उजव्यावबी."

"मग माझ्याकडनं एवढे रिठे का उकळून घेतलंत? आन् ते औषध आनलं तर त्याचं बूच का उघडलं न्हाई?"

"त्या औषधाला नावं कशी ठिवू? ते रोज सारखंच. साहेबाच्या काचंला चालतं, मग आपल्या का न्हाई, आसं शेठ इचारल. तुझ्या पान्यात रोज कायतरी कमीजास्त व्हतं." ते मान खाली घालून बोलत होते. "काच घान हाय म्हनलं की समदे काचंकडं बघत्यात. तू रिठे उकळत हुतीस तवर मी मोटार चालवत हुतो."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहायचं नाही. मावशी मेली असती म्हणाले, मोटारीतली लेकरं म्हणाले, आणि मी रोज दारात उभी राहून कोणासाठी झुरत होते ते म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू? माझ्या हाताची चव, माझा कमीपणा, माझी भीती, सगळं त्यांनी वापरून घेतलं होतं. दया पुष्कळ नंतर आली.

"चला शेठकडं," मी म्हटलं. "तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते."

झिमझिम पुन्हा सुरू झाली होती. बाजारात बरीच गर्दी होती. ते पुढे आणि मी चार पावलं मागे, अशी आमची चालायची रीत. नालीवरच्या फळीपाशी ते थांबले. फळी चिखलाने माखलेली होती. त्यांनी पाय पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. मग भर बाजारात, सगळ्या दुकानदारांदेखत, मागे हात करून चाचपडत म्हणाले, "अगं, म्होरं हो."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चारचौघांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. मी पुढे झाले, त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि फळीवर पहिलं पाऊल मी टाकलं.