पुंजाराम मापाड्याचा दुसरा काटा

तर पोत्याच्या बुडाला शेवटी दगड निघालाच, इथवर काल आलो होतो. काळा, नदीतला, गुळगुळीत दगड. आडत्या म्हणाला, "जाऊ द्या हो पुंजारामभाऊ, एवढ्याशा दगडानं काय होतंय?" पुंजारामनं तो दगड काट्यावर ठेवला, "तीनशे दहा ग्रॅम" असं मोठ्यानं म्हणाला, वजनातून तेवढं वजा केलं आणि दगड खिशात घातला. आजही त्याच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर असे अकरा दगड ओळीनं मांडलेले आहेत. त्याची बायको दुर्गाबाई आल्यागेल्याला सांगते, "लोकाच्या घरी ढाली न् कप असत्यात. आमच्या माणसाची कमाई ही."

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पुंजारामनं एकतीस वर्षं मापाडी म्हणून काढली. शेतकऱ्याचा माल आडतीवर आला की तोलायचा आणि वजन पुकारायचं, एवढंच काम. पण माणूस भारी शंकेखोर. सकाळी आला की चपला काढून आधी स्वतः काट्यावर उभा राहायचा, मग शेजारच्या बद्रीनाथच्या काट्यावर. दोन्ही आकडे जुळले तरच त्याचा दिवस सुरू. राजूरला गणपतीच्या दर्शनाला जायचा तर एक चप्पल या दुकानाशी काढायचा आणि दुसरी पार त्या टोकाला. कुणी हसलं तर म्हणायचा, "चोराला जोडी लागती. एकीचं काय करील?" आणि खरं सांगायचं तर आजवर त्याची चप्पल गेलेली नाही.

मोंढ्यात त्यानं एक रीत पाडली होती. एखाद्या पोत्यावरून वाद झाला की ते दुसऱ्या काट्यावर न्यायचं, पण पहिला आकडा दुसऱ्या मापाड्याला कुणी सांगायचा नाही. "आकडा कानावर पडला की डोळा तोच हुडकतो," असं त्याचं म्हणणं. ही रीत चांगलीच होती, सगळ्यांना पटलेली. त्याच रीतीनं पुढं घात होता होता राहिला, तीच गोष्ट सांगायची आहे.

त्याची सून मीना गावातल्या अंगणवाडीत सेविका. मुलगा अंगद चाकणला कंपनीत. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा कुठं मीनाला दिवस गेले. भादव्यात अंगणवाडीतल्या सात-आठ पोरांचे गाल लाल झाले, कुणी थोबाडीत मारल्यासारखे. पोरं दोन दिवसांत खेळायला लागली. मीनाची मात्र बोटं आणि मनगटं दुखायला लागली. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी तिला जालन्याला पाठवलं. तिथं सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर अंबरीन यांनी सगळं विचारून घेतलं आणि रक्त तपासायला लावलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी पुंजाराम सुनेसोबत होता. डॉक्टर अंबरीन म्हणाल्या, "पार्वो नावाचा विषाणू आहे. पोरांना साधा, पण पोटातल्या बाळापर्यंत पोचला तर बाळाचं रक्त बनणं काही आठवडे थांबू शकतं. बहुतेक बाळांना काही होत नाही. थोड्यांना होतं. म्हणून दर मंगळवारी यायचं."

"औषध काय देता?" पुंजारामनं विचारलं.

"यावर औषध नाही, भाऊ. आपण फक्त मोजायचं."

"काय मोजायचं?"

"बाळाच्या मेंदूकडं जाणाऱ्या रक्ताचा वेग. रक्त फिकं पडलं, पातळ झालं की ते जोरात पळतं. सुई न टोचता आतलं रक्त किती फिकं झालं, ते यावरून कळतं." त्यांनी एक कागद काढला. त्यावर एक तिरपी रेघ छापलेली होती आणि रेघेच्या बऱ्याच खाली त्यांनी पेनानं ठिपका दिला. "ठिपका रेघेच्या खाली आहे तोवर फिकीर नाही. वर गेला तर बाळाला पोटातच रक्त द्यावं लागेल."

आता बघा, जन्मभर मोजण्यावर जगलेला हा माणूस, पण नुसत्या मोजण्यानं कुणी बरं होतं हे काही त्याच्या गळी उतरेना. त्यात प्रत्येक वेळी तो फॉर्म. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, असं लिहून मीनाची सही. भिंतीवर पुन्हा त्याचीच पाटी. पुंजाराम ती पाटी प्रत्येक मंगळवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. एवढं लिहून घेतात म्हणजे काहीतरी असणार, असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या मंगळवारी ठिपका थोडा वर. तिसऱ्या मंगळवारी रेघेच्या अगदी पायाशी.

त्याच आठवड्यात मोंढ्यातल्या चहावाल्या कचरूनं सगळ्यांदेखत आवाज दिला, "काय पुंजारामभाऊ, मंगळवार धरला का काय? दर आठवड्याला सोनोग्राफी! पोरगा हाय का पोरगी, हे पाहायला एवढे हेलपाटे?"

हमाल हसले. एकजण म्हणाला, "हळू बोल, पोलीस येतील!" पुन्हा हसू. पुंजाराम अर्धा चहा टाकून उठला. ज्याच्या शंकेला सगळा मोंढा वचकून असायचा, त्याच्यावरच आता मोंढा शंका घेऊन राह्यला होता. घरी येऊन तो दुर्गाबाईला म्हणाला, "त्या बाईचं यंत्र एकदा ताडून पाहावं लागतंय."

"तुमच्या शंकेला तरी कुठं औषध हाय!" दुर्गाबाई म्हणाली.

सोमवारी तो मीनाला घेऊन परभणीला गेला. जालन्याची फाईल घरीच, गव्हाच्या कोठीवर. तिथल्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, "आधीचे रिपोर्ट? मधे काही ताप, पुरळ? कुणी काही सांगितलंय का?"

मीनानं तोंड उघडलं, तेवढ्यात पुंजाराम म्हणाला, "काहीच न्हाई साहेब. सगळं बराबर हाय. फक्त पाहून सांगा."

डॉक्टरांनी पाहिलं. वाढ चांगली, पाणी चांगलं, ठोके चांगले, बाळाचं वजन चारशे ऐंशी ग्रॅम. पुंजारामचा चेहरा असा खुलला, जसा काटा शून्यावर येऊन थांबावा. ग्रॅममध्ये वजन सांगणारा डॉक्टर! याला म्हणतात माणूस.

स्टेशनवर मीना सासऱ्याला म्हणाली, "मामा, खोटं कशाला बोलले?"

"खोटं न्हाई, पोरी. पहिला आकडा सांगायचा नसतो."

"पण मॅडम म्हणल्या होत्या, ठिपका रेघेला भिडायला आलाय."

"रेघेचा कागद कुणाचा? त्यांचाच ना? मंग?"

मंगळवारी दुर्गाबाईनं डबा भरून ठेवला होता, तो तिनंच पुन्हा रिकामा केला. जालन्याला कुणी गेलं नाही. मीना अंगणवाडीतून आली आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. पुंजारामनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गुरुवारी मोंढा सोयाबीननं फुलून गेला होता. घनसावंगीकडून भागवत नावाचा शेतकरी वीस पोती घेऊन आला. पुंजारामनं तोलली, मग भागवतच्या हट्टानं बद्रीनाथनंही तोलली. फरक शून्य. मग व्यापारी गयासोद्दीन शेठ आले, मूठभर दाणे छोट्या यंत्रात टाकले आणि म्हणाले, "हवा अठरा. माल गीला है भाई, वाळवून आणा." मोंढ्यात ओलीला हवाच म्हणतात.

भागवत भडकला. "दोन-दोन काट्यांवर तोललं! मुंगीएवढा फरक न्हाई, आन माल ओला म्हणता? पुंजारामभाऊ, तुमी सांगा यांना!"

पुंजारामनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचे दाणे खडखडीत, आतले गार. तो म्हणाला, "भागवत, वजन बराबर हाय, बिलकुल बराबर. पण धा काट्यांवर तोलला तरी वजनात ओल कळत न्हाई, बाबा. ओल पाहायची तर तिचं यंत्र—"

आणि तिथंच त्याची जीभ थांबली. हात अजून पोत्यातच. त्या गार दाण्यांतला हात त्याला काढता येईना, असं बद्रीनाथ अजून सांगतो.

परभणीच्या डॉक्टरांनी वजन केलं होतं. चोख केलं होतं. पण रक्ताचा वेग मोजा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगू दिलं नव्हतं.

"बद्रीनाथ, काटा सांभाळ."

"भर बाजारात? भाऊ, पोती पडलीत!"

"सांभाळ म्हणलो ना!"

एकतीस वर्षांत पुंजाराम भर बाजारातून पहिल्यांदाच उठला. अंगणवाडीच्या दारात उभा राहून त्यानं हाक मारली, "मीना, चल जल्दी." तिनं कुठं म्हणून विचारलं नाही. मदतनीस बाईच्या हाती किल्ली दिली आणि निघाली. फाईल त्यानं घरून छातीशी धरूनच आणली होती. दोघं जीपनं जालन्याला पोचले.

"मंगळवारी कुठं होता?" डॉक्टर अंबरीन यांनी विचारलं.

पुंजारामला सबब सांगता आली असती. गाडी चुकली, पाहुणे आले. तो म्हणाला, "सोमवारी परभणीला गेल्तो. तुमचा कागद लपवून. तुम्हाला ताडून पाहायला."

त्यांनी यंत्र मीनाच्या पोटावर ठेवलं. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. पुंजाराम पडद्याकडं नाही, त्यांच्या तोंडाकडं बघत होता. मग त्यांनी पेन उचललं आणि ठिपका दिला. रेघेच्या वर.

"बाळाच्या पोटात थोडं पाणीही धरायला लागलंय," त्या म्हणाल्या. "हे सोमवारी बहुतेक नसणार. कागद दाखवला असता तर त्यांनीही वेग मोजला असता."

"माझ्यापायी उशीर झाला का?"

"उशीर झालाय. पण वेळ गेलेली नाही. आता इथं बोलत बसलो तर जाईल." फोन त्यांनी आधीच कानाला लावला होता.

अँब्युलन्सनं दोघं संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. अंगद चाकणहून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पोटातच रक्त द्यायचं ठरलं. सोनोग्राफीत बघत बघत नाळेत सुई घालून. दारापाशी दोन सिस्टर रक्ताच्या पिशवीवरचा नंबर ताडत होत्या. एकीनं पिशवीवरचा वाचला, दुसरीनं कागदावरचा, मग आकडे जुळवले. पुंजारामनं अंगदच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इथं बी दोन काटे हायेत."

पाऊण तासानं सिस्टर बाहेर आली. "झालं, बाबा. आई आणि बाळ ठीक."

"किती दिलं?"

"पंचवीस मिली."

"एवढंसंच? बारक्या कपात बी तळाला राहील."

"बाबा, बाळ अर्ध्या किलोचं आहे. त्याच्या मानानं हंडाभर झालं!"

तो तिथंच बाकावर बसला आणि उपरणं तोंडावर घेतलं. अंगद म्हणतो, आजवर त्यानं बापाला रडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशीही दिसलं नाही म्हणा, उपरण्यामुळं.

पुढचे सगळे मंगळवार पुंजारामनं पाळले. ठिपका रेघेखाली आला, पोटातलं पाणी ओसरलं, बाळाचं रक्त पुन्हा आपलं आपण बनायला लागलं. कचरूनं एकदा पुन्हा तोंड घातलं, तेव्हा पुंजारामनं तो कागद चहाच्या टेबलावर पसरला आणि प्रत्येक ठिपका त्याला समजावून सांगितला, भजी करपेपर्यंत. कचरूनं पुन्हा विचारलं नाही.

घरी मात्र एक गोष्ट राहिली होती. एका सकाळी पुंजाराम मीनाला म्हणाला, "परभणीला तुला बोलू दिलं न्हाई. माझं चुकलं." मीना भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मामा, बाळ येऊ द्या, मंग भांडते." आणि तव्यावरची पहिली भाकरी तिनं त्याच्या ताटात टाकली.

माघात जालन्याला मुलगी झाली. सिस्टर तिला काट्यावर ठेवायला निघाली तर आजोबा आडवे. "थांबा जरा." खिशातून काळा दगड काढला, दवाखान्याच्या नळाखाली खसाखसा धुतला, पुसला आणि काट्यावर ठेवला. आकडा आला तीनशे दहा. "आता ठेवा," तो म्हणाला. नात भरली दोन किलो सातशे.

डॉक्टर अंबरीन बाळ बघायला आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी हा सगळा प्रकार पाहिला. हसून म्हणाल्या, "काय पुंजारामभाऊ, एवढं होऊन अजून शंका? आमच्यावर भरवसा काही बसला नाही म्हणायचा!"

पुंजारामनं दगड खिशात घातला, नातीच्या गालाला बोटाची पाठ लावून पाहिली आणि म्हणाला, "भरवसा तसा न्हाईच, मॅडम. सव्वा महिना झाला की हिला परभणीला बी दाखवून आणणार हाय. पण या बारीला तुमचा कागद आधी त्यांच्या टेबलावर ठेवणार, बोलू द्यायचं हिच्या मायला, आन मी भाईर बसणार."