अळणी भाकरीचे दिवस

माझं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. बेलापुरात आमच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, हिनं ग्रहण पाळलं नसणार. मी पाळलं होतं, पण वाद घालायचं ते वय नव्हतं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात पायांवर सूज आली, जोडवी रुतायला लागली, डोकं सारखं ठणकायचं. सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं. "पोट महिन्यापरमानं भरंना. चल, नगरला जाऊ," म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी आगगाडीत बसलो.

नगरच्या बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा आवळला आणि पारा किती चढतोय ते पाहिलं.

"रक्ताचा दाब फार वाढलाय. नाळ ज्या वारेला जोडलेली असते, तिच्या रक्तवाहिन्या त्यानं आवळतात. बाळाला पोसणारं रक्त कमी पडतं, म्हणून ते वाढत नाही."

"म्हंजे पाटाला पानी हाय, पन वाफ्यात पोचत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. हिला इथंच राहू द्या. नुसतं पडून राहायचं आणि मीठ बंद."

लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मी कधी आडवी झाले नव्हते. आता खिडकीशी खाट, बाहेर लिंबाची सावली, आणि मागच्या पडवीत सासूबाई भाकरी थापतायत. त्या माझ्याबरोबर अळणीच जेवायच्या.

"तुम्ही कशाला अळणी खाता?"

"दोन दोन कालवनं कोन करील?" त्या म्हणाल्या. मला त्या जेवणाची गोडी लागली.

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला दाब पुन्हा चढला. बाईंनी बाळंतपण लवकर करायचं ठरवलं. मुलगी झाली. अगदी हाडकुळी, पण रडली. मग बाईंनी तबकात वार आणून दाखवली. लहानशी होती आणि तिच्यावर जागोजाग घट्ट, पांढुरके चट्टे होते. "इथं रक्त पोचलंच नाही. पहिल्या खेपेलाही असंच झालं असेल."

सासूबाई बराच वेळ त्या तबकाकडे बघत राहिल्या. "तवा हिचं काई चुकलं न्हवतं तर," त्या हळूच म्हणाल्या. मला रडू फुटलं, आणि मोकळंही वाटलं.

मुलीला कापसात गुंडाळून शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. आधी चमच्यानं दूध, मग ती स्वतः ओढायला लागली. गाल जरा भरले तेव्हा आम्ही घरी निघालो. गाडीत सासूबाईंनी तिला माझ्याकडे दिलंच नाही.