शोधायला लागणारा वेळ

ऐंशीच्या दशकात वाशीतल्या एका हॉस्पिटलात पहिला कॉम्प्युटर यायचा होता. त्याने काय करायचं ते हॉस्पिटलच्या साहेबांनी ठरवलं होतं. किती वेगाने करायचं आणि किती वेळ बंद पडला तर चालेल, एवढंच विचारायला मी कॉम्प्युटर कंपनीतर्फे तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथे पन्नाशीतल्या एक बाई दिवसभर एकट्याच बसायच्या. त्यांनी समोरचं स्टूल पदराने पुसून मला बसवलं.

“पेशंटचा जुना केसपेपर किती वेळात मिळायला हवा?” मी विचारलं.

त्यांनी कपाटांकडे हात केला. “खरं सांगू? कुठला पेपर कुठं हाय ते मला लगेच आठवतं. तरी मी शोधत बसते. तेवढा वेळ मानूस इथं बसून बोलतो.” मग घाईने म्हणाल्या, “हे लिहू नका हां.”

मी नुसतं ‘तीन सेकंद’ लिहिलं. माझे प्रश्न संपले होते, तरी उठवेना.

“तुमी राहता कुठं?” त्यांनी विचारलं.

कोपरखैरण्याला मी एकटाच खोली घेऊन राहत होतो. नोकरी लागल्यापासून हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी बोलायला लागलो, तो बराच वेळ थांबलोच नाही.