कासवाचं विसर्जन

मुलगी शाळेच्या शिबिराहून संध्याकाळी परतणार होती. त्याआधी कासव घराबाहेर गेलेलं हवं होतं.

आमचं नाहूरचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि ग्रिल लावलेली चिंचोळी गॅलरी. मुलीच्या हट्टापायी कुर्ल्याहून आणलं तेव्हा कासव माझ्या तळहातावर मावत होतं. विकणारा म्हणाला होता, "एवढंच राहतं, साहेब." ते साबणाच्या डबीएवढं झालं, मग ताटाएवढं, मग परातीएवढं. सोफ्याखाली शिरून सोफा उचलायचं. धडका देऊन देऊन न्हाणीघराचं दार त्याने खालून फोडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठायच्या, "अहो, दिवसभर पाटा-वरवंटा चालवता की काय?" माझी आई त्याला भाडेकरू म्हणायची. "भाडेकरू, सरक रे जरा, मला देवापाशी जाऊ दे."

मुलगी शिबिराला गेली आणि आई त्यालाच अडखळून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालून तिला घरी आणलं, तर बायको दारातच म्हणाली, "आई राहतील नाहीतर ते राहील. आणि पोरगी यायच्या आत ने. ती समोर असली की तुझ्याच्याने होणार नाही."

खरंच होतं ते. प्राणी सोडवणाऱ्या एकाचा नंबर ऑफिसातून मिळवला. तो म्हणाला, "फोटो पाठवा. कुठून घेतलं? काही पावती वगैरे?" असं कासव पाळणं गुन्हा असतो हे मी ऐकून होतो. घाबरून फोन कट केला. पुन्हा त्याचा फोन आला, तो उचलला नाही.

मग मनात आलं, कासवच ना, पाण्यात सोडू.

इथे खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. मला माहीत होतं. ते लहान असताना मुलीने एकदा त्याला टबात सोडलं होतं आणि ते दगडासारखं तळाला गेलं होतं. तिनेच किंचाळत बाहेर काढलं. "बाबा, हे पाण्यातलं नाहीये! हे कोरडं कासव आहे!" आम्ही किती हसलो होतो. घरात तो विनोदच होऊन बसला, कोरडं कासव. पण मराठीत पाण्यातल्यालाही कासव म्हणतात आणि जमिनीवरच्यालाही. त्या दिवशी मला हा एक शब्द पुरला.

जाड पिशवीत घालून रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, "बरंच वजन दिसतंय. सिलिंडर का?"

"मूर्ती आहे. भंगलेली. विसर्जनाला नेतोय."

त्याने हात छातीला लावला. तेवढ्यात पिशवीत खरवडल्याचा आवाज झाला. त्याने आरशातून पाहिलं. मी खोकलो. तलावापाशी मी सुटे पैसेही परत न घेता उतरलो.

तलावाच्या पायऱ्यांवर, जिथे आम्ही दरवर्षी गणपती उतरवतो, भर दुपारी कोणीच नव्हतं. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. हातांनी सवयीने तेच केलं. एकदा बुडवलं, वर काढलं. त्याने मान आत ओढून घेतली होती. दुसऱ्यांदा बुडवलं तेव्हा चारही पाय बाहेर आले आणि पुढच्या पायाची नखं माझ्या मनगटात रुतली. ओरबाडत नव्हतं ते. त्याने मला धरलं होतं.

तेव्हा परत फिरता आलं असतं. मी पाण्याखालच्या पायरीवर त्याला टेकवलं, दुसऱ्या हाताने तो पाय सोडवला आणि पुढे ढकललं. बुडबुडे थांबेपर्यंतही मी तिथे उभा राहिलो नाही.

संध्याकाळी मुलीने पाठीवरची सॅक न उतरवताच गॅलरी पाहिली. "कुठेय?"

"शहापूरला. मित्राच्या वाडीत. मोकळी जागा आहे, गवत आहे."

"आणि हे काय लागलंय तुला?"

"सोडताना ओरबाडलं. पळायची घाई झाली होती त्याला."

ती रडता रडता हसली आणि तिने माझ्या मनगटावर मलम लावलं. पुढे कितीदा म्हणाली, "बाबा, जाऊया ना वाडीला." कधी रस्ता खराब, कधी मित्र गावी. शेवटी ती नसलेली वाडी मी मित्राला विकायला लावली.

त्यानंतर गणपती मी कधी पाण्यात उतरवला नाही. मेहुण्याच्या हातात द्यायचो, पाठ दुखते सांगून. यंदा मेहुणा आला नाही. बायको आईपाशी घरी थांबली. नोकरीला लागलेली माझी मुलगी आणि मी, दोघंच पायऱ्यांवर. आरती झाली. तिने मूर्ती माझ्यापुढे धरली. "घे ना. थांबलायस कशाला?"

मी हात पुढे केले नाहीत. मागे ढोल वाजत होते म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, "वाडी नव्हती. इथे सोडलं मी त्याला."

"पाण्यात?"

"हो."

"पण ते कोरडं..." ती थांबली. "तुला आठवत होतं?"

"हो. त्याने माझा हात धरला होता."

तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. तिथे आता काही दिसत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, आवरा की, लाइन लागलीय!" ती मूर्ती घेऊन एकटीच पायऱ्या उतरली. एकदा बुडवली, वर काढली. दुसऱ्यांदा बुडवली, वर काढली. आणि मूर्ती तशीच छातीशी धरून, पाण्याकडे बघत उभी राहिली. लोक ओरडत राहिले.