घरमालकीणबाई आणि सहा गाई

स्टुटगार्टच्या आसपास जी काही शेती अजून टिकून आहे, ती आमच्या घरमालकीणबाईंच्या हट्टामुळेच, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाई लांडविर्टशाफ्ट्सआम्टमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शेती कार्यालयात, सल्लागार होत्या. शेतकऱ्यांचे अर्ज भरून देणं, त्यांच्या घरच्यांना सफरचंदाचा मुरंबा टिकवायला शिकवणं, शाळेतल्या मुलांना गोठा दाखवणं ही सगळी कामं त्या आठवडाभर करत आणि रविवारी विश्रांती म्हणून तीच पुन्हा करत. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर माणसांना जागा नसे, तिथे तपासणीसाठी घेतलेल्या शेतांच्या मातीच्या पिशव्या बसत. एकदा उन्हाळ्यात त्यांनी आमच्या फ्रिजमध्येही मातीचे नमुने ठेवले. डोशाचं पीठ शोधताना माझ्या बायकोच्या हाती कोणाचं तरी शेत लागलं. "झाकण लावलं होतं मी," बाई शांतपणे म्हणाल्या.

मी तेव्हा झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्यांवर काम करत होतो. एका सोमवारी पहाटे पाचला बेल वाजली. दारात बाई, पायात रबरी बूट. शेजारच्या गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा पाय मोडला होता. गोठ्यात सहा दुभत्या गाई. बदली माणूस मिळायला तीन आठवडे लागणार होते आणि गुरांचा व्यापारी गाई स्वस्तात मागायला दोनदा येऊन गेला होता.

"गाई तीन आठवडे थांबत नाहीत. तुम्ही भारतातले, तुम्हाला गाई कळतात."

"मी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर वाढलोय."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे चुकीच्या सवयी नसतील."

आतून बायको म्हणाली, "अहो, जाऊन या. नाहीतर त्या मला नेतील."

तीन आठवडे रोज पहाटे बाई धारा काढायच्या आणि मी शेण. म्हातारी खिडकीत बसून काठीने माझ्या चुका दाखवायची. माझ्या ऑफिसमधल्या शेजाऱ्याने चौथ्या दिवशी आपलं टेबल लांब हलवलं. बाई मात्र आठच्या ठोक्याला कार्यालयात हजर असत. शेवटी बदली माणूस आला, व्यापारी यायचा थांबला, आणि आम्ही जिंकलो असं मला वाटलं.

शरद ऋतूत म्हातारी पुन्हा चालायला लागली, आणि तिने आम्हाला कॉफीला बोलावलं. "पाय बरा आहे," ती म्हणाली, "पण आता पुरे. मला गाई देऊन टाकायच्या आहेत."

बाई भांडतील म्हणून मी कप खाली ठेवला. पण त्यांनी बॅगेतून अर्ज काढला. "सही कुठे करायची ते दाखवते." साही गाई एकत्र घेईल असा गोठा मिळेपर्यंत त्यांनी आठवडाभर फोन केले.

ट्रक आला त्या सकाळी बाईंनी एकेका गाईला नावाने हाक मारून वर चढवलं. ट्रक वळणाआड गेल्यावर म्हातारीने विचारलं, "उद्या पहाटे उठून मी करू काय?"

बाईंनी कार्यालयात फोन लावला. "आल्झो, तर, मी भेटीवर आहे. आज वेळ लागेल." मग बूट काढून त्या म्हातारीशेजारी बाकावर बसल्या. मला एस-बान, म्हणजे लोकल, गाठायची होती. फाटकापाशी वळून पाहिलं, तर दोघी रिकाम्या गोठ्याकडे बघत तशाच बसल्या होत्या.